वाघाचा वाटा

फागी सांगायची, फोनला पाच बटणं असतात. बाकीची तिच्या लेखी नव्हतीच. मधलं एक आणि त्याच्या चार अंगांना चार. वरचं डोंगराकडचं, खालचं नदीकडचं, एक उगवतीचं, एक मावळतीचं, आणि मधलं म्हणजे आपण उभे आहोत ती जागा. पोशेरा गावाच्या अंगाला असलेल्या तिच्या पाड्यावरून बघितलं तर दुनिया अशीच मांडलेली दिसते. त्यामुळे हे शिकायला तिला अर्धी दुपारसुद्धा लागली नाही.

फोन तिचा नव्हता, पोराचा होता. दोन हजार सातची दिवाळी करून संदीप दरसालसारखा ठाण्याकडच्या खाडीवर रेती काढायला निघाला, तेव्हा तो तिच्या ओच्यात टाकून गेला.

"तिकडं पाण्यात भिजंल. दर ऐतवारी मी मुकादमाच्या फोनवरून लावीन. टेकाडावरच्या जांभळीखाली येऊन बसत जा, तठंच रेंज हाय."

"आन् बाकीचे दिवस याचं काय करू? उशाला घेऊ?"

"बाकीचे दिवस माझ्या गोऱ्ह्याला सांभाळ."

गोऱ्हा म्हणजे फोनमधला. संदीपने दोन वर्षं खेळून वाढवलेला जनावरांचा एक खेळ त्यात होता. तांबड्या रंगाचा, शिंगांच्या टोकाला जाळ पेटलेला वासराएवढा गोऱ्हा. त्याला घेऊन रानातून चालायचं. वाटेत दुसरं जनावर आडवं येतं, त्याच्याशी झुंज होते. जिंकलं की गोऱ्हा जरासा मोठा होतो, हरलं की मान खाली घालून मागे येतो. प्रत्येक जनावर कशाचं ना कशाचं बनलेलं. तांबडी आगीची, निळी पाण्याची, हिरवी पानाची, मातकट मातीची, पिवळी विजेची. धडक बसली की डोक्यावर एक बाण उमटतो. बाणाचं तोंड वर असलं तर धडक भारी लागली, खाली असलं तर वाया गेली.

रानाच्या शेवटी नदी होती आणि नदीत निळी सुसर. तिच्यापुढे संदीपचा गोऱ्हा दोन वर्षं हरत होता. थैलीत दुसरी दोन-तीन बारकी जनावरं होती, पण त्यांना त्याने कधी पुढे काढलं नव्हतं. आवडता तो तांबडाच.

"अजून थोडा मोठा होऊ दे गं आये, मंग बघ कशी फाडतो तिला."

जायच्या दिवशी जीपमध्ये चढतानाही तो हेच बोलत होता. जीपमध्ये पाड्यावरचे अजून चौघे होते. खाडीतलं काम असं : होडी उभी करायची, तळात लांब बांबू रोवायचा, लोखंडी बादली घेऊन बांबूला धरून खाली उतरायचं. तीन-चार पुरुष खोल. बादलीत रेती भरायची, दोरीला हिसका द्यायचा आणि वर यायचं. मग परत खाली. दिवस मावळेपर्यंत. मोखाड्याकडची पोरं दमसासाची, म्हणून त्यांनाच उचलतात.

फागीने मग रोज एक झुंज धरली. दुपारी भाकऱ्या झाल्या की उंबऱ्यावर बसायची आणि ओच्यातून फोन काढायची. नवरा सोम्या शेळ्या घेऊन परतला की त्याला ती तशीच दिसायची, नाक फोनला लावलेली.

"म्हातारीला डबड्यानं धरलं," सोम्या शेळ्यांना सांगायचा. "भगत बोलवायला होवा."

"बोलव. त्याला पण एक झुंज खेळवते."

"खऱ्या शेळ्यांना पाणी दाव आधी."

"दावलं. तुमच्या आधी त्याच परत आल्या होत्या."

त्या दिवसांत तिला उंबऱ्यावर बसल्या बसल्या डुलकी लागायची. हिवाळ्यातलं ऊन, समोर कापून झालेल्या नागलीचे उघडे माळ, आणि हातातल्या फोनमधलं गार हिरवं रान. डोळा लागला की दोन्ही रानं एकमेकांत शिरायची. माळावरून तांबडा गोऱ्हा चालत जायचा, शिंगावरचा जाळ उन्हात दिसायचाही नाही. ओहोळाच्या कडेला पिवळं पाखरू अंग फुगवून बसलेलं असायचं, त्याच्या पिसांतून बारीक विजा सुटायच्या. आणि खाली, फार खाली, पाण्याच्या तळाशी, एक माणूस बादली भरत असायचा. त्याचा चेहरा वर व्हायच्या आत फोन हातातून निसटायचा आणि ती जागी व्हायची.

*

मोखाड्याच्या बाजाराला ती करांदे घेऊन जायची. उकडून खायचे ते कडवट कंद. तिची बसायची जागा चहाच्या हॉटेलाच्या वळचणीला, लियाकतभाईंच्या शेजारी. लियाकतभाई जव्हारचे. बाप-आजा घड्याळं आणि विजेऱ्या दुरुस्त करणारे, हे मोबाईलवर आले. बाजाराच्या दिवशी जीपने पेटी घेऊन यायचे, हॉटेलातून वायर ओढायचे आणि त्या एका वायरीवर वीस-पंचवीस फोन लावून द्यायचे. वीज नसलेल्या पाड्यापाड्यांवरचे फोन तिथे आडवे पडून, कुत्रीला पिल्लं लुचावीत तसे लुचत असायचे.

फोन भरेपर्यंत फागी बसून राहायची. एका बाजारी तिने विचारलं, "लियाकतभाय, सुसरीला काय लागतं?"

"कोणती सुसर?"

तिने फोन पुढे केला. लियाकतभाईंनी चष्मा वर केला, पडदा बघितला, मग तिच्याकडे बघितलं.

"या अल्ला! फागीबाय, तू पण? शाळेतली पोरं कमी होती काय माझं डोकं खायला?"

पण बोलता बोलता त्यांनी पेटीच्या झाकणातून एक पुठ्ठा काढला. हा खेळ त्यांनीच तालुक्यातल्या निम्म्या फोनांमध्ये घातला होता, आणि खेळात अडकलेली पोरं त्यांच्याकडेच यायची. म्हणून त्यांनी स्वतः खेळून, हरून, पुठ्ठ्यावर रंगीत ठिपके काढून ठेवले होते. ठिपक्यापासून ठिपक्याला रेघ, कोण कोणावर भारी.

"हे बघ. पाणी आगीवर भारी. आग पानावर. पान पाण्यावर. वीज पण पाण्यावर, ते मला माहीतच आहे, ओल्या हाताने वायर धरून दोनदा उडालोय मी. पण ही मातीची रेघ मला कळत नाही. वीज मारली मातीवर, बाण खाली. काही लागतच नाही. असं कसं? वीज आहे ना ती?"

"वीज पडते ती जाते कठं?"

"कुठं म्हणजे? खाली."

"मंग? मातीत मुरते. पावसाळ्यात आमच्या माळावर पाच वेळा पडली. ताड जळला, रेडा मेला. मातीला काय झालं? काय नाय."

लियाकतभाईंनी पुठ्ठा परत बघितला. "बरं, आणि पान पाण्यावर का? पाण्याने तर झाडं जगतात."

"म्हणूनच तं. झाड पाणी पिऊन टाकतं. उतारावर झाड असलं का पाण्याला धावता येत नाय. झाड तोडलं का पाणी माती घेऊन पळतं. माझं एक खाचर असंच गेलं."

"मी सहा महिने हरून हरून हा पुठ्ठा केला," लियाकतभाई म्हणाले, "आणि तू करांदे विकत बसून सांगतेस."

"आम्ही पण हरूनच शिकलो, भाय." तिने एका रेघेवर बोट ठेवलं. "पण ही चुकली हाय. आग पानावर."

"चुकली कशी? पान जळतं."

"जळतं आन् परत फुटतं. राब भाजल्याबिगर भात होतं का आमचं? पालापाचोळा, शेण, वर माती, आन् मंग आग. त्या राखेतच रोप जोर धरतं. हा खेळ ज्यानं केला त्यानं राब बघितला नसंल."

लियाकतभाई हसले. करांद्यांचा एक वाटा त्यांनी नेहमीप्रमाणे उचलला आणि सवयीने म्हणाले, "कडू आहेत."

"दर बाजारी नेतोस आन् दर बाजारी कडू."

*

ऐतवारी दुपारी ती टेकाडावर जायची. जांभळीच्या बुंध्याला पाठ लावून फोन मांडीवर ठेवायची. फोन वाजला की मधलं बटण.

"जेवलास का?"

"काय?"

"जेवलास का रं?"

"आये, रेंज नाय. मोठ्यानं बोल."

ती मोठ्याने बोलायची. मग अजून मोठ्याने. जांभळीवरचे कावळे उठायचे. खाली शेळ्यांमागे असलेला सोम्या हात कपाळाला लावून वर बघायचा. पौषाच्या एका ऐतवारी तिने सात वेळा विचारलं, "शिमग्याला येशील ना?" आणि सातव्यांदा तो म्हणाला, "नागली? विक तुला विकायची तं."

पुढच्या बाजारी तिने फोन लियाकतभाईंच्या पुढ्यात ठेवला. "याची रेंज दुरुस्त कर."

"रेंज दुरुस्त करता येत नाही, बाय. बोलताना इथे उभ्या काड्या किती दिसतात?"

"सगळ्या. लहान ती मोठी, रांगेत."

"आणि त्याचा आवाज तुला कसा येतो?"

"चांगला येतो. शेजारी बसल्यावानी."

लियाकतभाईंच्या हातातला बारका स्क्रू-ड्रायव्हर थांबला. "तो कोणत्या कामावर आहे?"

"रेतीच्या. बुडी मारायच्या."

त्यांनी तो खाली ठेवला. हॉटेलवाल्याला दोन चहा सांगितले. चहा आल्यावर आपल्या कानाला हात लावून म्हणाले, "फोनचं नाही हे. खोल गेलं की पाणी आत दाबतं. आधी दुखतं, रक्त येतं. मग एक दिवस दुखायचं थांबतं. पोरांना वाटतं बरा झाला. तो बरा झालेला नसतो, फुटलेला असतो. एकच गेला असेल अजून, फोन त्याच कानाला लावत असेल. दुसरा राहिलाय तोवर त्याला वर काढ."

फागीने चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. परतताना जीपमध्ये ती मागच्या फळीवर बसली होती. हातात फोन, फोनवर नदी, नदीच्या काठावर गोऱ्हा उभा. संदीप राब भाजायच्या दिवसांत जन्मला होता. बाजेखाली धूर यायचा आणि हे पोर धुरात खोकायचं सोडून रागाने ओरडायचं. अजूनही तसाच. एक सांगावं तर दहा बोलणारा, नको म्हटलं की तेच करणारा, तांबडा. आणि तो जाऊन उतरला कशात, तर पाण्यात. अजून थोडा मोठा झालो की जिंकेन, असं म्हणत.

त्या रात्री भाकरी थापताना ती सोम्याला म्हणाली, "पोऱ्याचा कान गेलाय."

सोम्याने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाला, "आला का तंगडी तोडतो त्याची. जातो कसा बघू."

"तंगडी तोडून कान येईल का?"

*

सुसरीवर भारी पडेल असं हिरवं जनावर एकच होतं. ते नदीच्या अलीकडच्या झाडीत फिरायचं. फागीला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिने फोन जमिनीवर ठेवला आणि हात जोडले.

वाघ होता. अंगावर काळ्याऐवजी हिरवे पट्टे, पाठीवर गवत उगवलेलं, पण वाघ तो वाघच. त्याला धरायचं तर आधी गोऱ्ह्याने धडका मारून त्याला दमवायचं, आणि तो गुडघ्यावर आला की थैलीत घ्यायचं. लियाकतभाईंनी तसंच सांगितलं होतं.

फागीने पळायचं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं, तिसऱ्या दिवशीही.

"अगं मार ना!" लियाकतभाई वैतागले. "तुझा गोऱ्हा आगीचा, तो पानाचा. चार धडकांत आडवा होईल. एवढं सोपं काम दुसरं नाही या खेळात."

"वाघदेवाला मारू?"

"देव नाही तो, बाय. चित्र आहे."

"आम्ही चित्रालाच पूजतो, भाय."

पाड्याच्या शिवेवर वाघदेवाची लाकडी फळी होती. फळीवर सूर्य, चंद्र आणि मध्ये कोरलेला वाघ, त्यावर पिढ्यांचा शेंदूर. वाघबारशीला त्याचा वाटा त्याला पोचता व्हायचा. रानात वाघ राहिला नाही असं सगळेच म्हणायचे, पण वाटा कोणी चुकवत नव्हतं. वाटा दिला की वाघ आपल्या गुराला हात लावत नाही, हा जुना करार आहे, आणि करारात एक बाजू दिसत नसली म्हणून दुसऱ्या बाजूने तो मोडायचा नसतो.

मग फागीने ते केलं जे तालुक्यातल्या एकाही पोराने केलं नव्हतं. थैलीत काही फळं होती, बोरासारखी लाल. झुंजीत दमलेल्या आपल्या जनावराला खायला घालायची ती. हिरवा वाघ आडवा आला तेव्हा तिने धडक मारली नाही आणि पळालीही नाही. एक फळ काढून त्याच्यापुढे ठेवलं. वाघ थांबला. पडद्यावर काही अक्षरं आली, ती तिला वाचता येत नव्हती. वाघाने फळ खाल्लं आणि तो झाडीत गेला.

दुसऱ्या दिवशी दुसरं फळ, असं ती रोज एक देत गेली. फळं मिळवायला बारक्या झुंजी खेळाव्या लागायच्या, आणि मिळालेली सगळी वाघाला गेल्यावर गोऱ्हा उपाशी राहायचा, हरायचा. लियाकतभाईंनी कपाळावर हात मारला. "दुश्मनाला चारतेस?"

"दुश्मन कोण म्हणालं?"

"अगं, खेळाचा कायदाच तो आहे!"

"तुझ्या पुठ्ठ्याचा असंल."

माघ संपला. करांदे संपले. पाड्याखालच्या मोहाला टोकाटोकाला गुच्छ आले आणि एका पहाटे पहिली फुलं गळायला लागली. मोहाचं फूल पहाटेच गळतं, म्हणून बायका अंधार विरायच्या आत झाडाखाली जातात. फागी टोपली घेऊन जायची, वेचायची, आणि मध्येच पाठ दुखली की मुळावर टेकायची. गोड, जड वास. त्या वासाने झोप उतरत नाही, अंगावरच राहते. टप्, टप्, फुलं पडत असतात, पिवळसर, ओली, आणि कुठून पडली हे वर बघून कळत नाही.

अशाच एका पहाटे तिने फोन उघडला. वाघ आला. तिने फळ ठेवलं. त्याने खाल्लं, पण तो झाडीत गेला नाही. तिथेच उभा राहिला. मग हळू चालत आला आणि गोऱ्ह्याच्या मागे जाऊन बसला. पडद्यावर बारीक चांदण्या गळायला लागल्या, फोनने एक छोटं गाणं म्हटलं. वर मोहाची फुलं गळत होती, खाली पडद्यात चांदण्या, आणि फागीला क्षणभर कळेना की ती कोणती वेचायला आली आहे.

त्या दिवसापासून फळं परत गोऱ्ह्याला जायला लागली. त्या बाजारी लियाकतभाईंनी फोन उलटासुलटा करून बघितला. पडद्यावरची अक्षरं वाचली, परत वाचली. "यात असं पण होतं?" ते पुटपुटले. "खायला घातलं तर आपणहून येतो?" त्यांनी पुठ्ठा काढला आणि हिरव्या ठिपक्याशेजारी पेनाने एक लाल बोर काढलं.

"आता जा, मार सुसरीला," ते म्हणाले. "तुला आता कोण अडवतं!"

फागीने फोन ओच्यात घातला. "ती झुंज माझी नाय. पोऱ्याची हाय."

*

शिमग्याला पाच माणसं घेऊन गेलेली जीप वाटेतली अजून तिघं धरून आठ माणसं घेऊन आली. संदीप वाळला होता. केस खाऱ्या पाण्याने तांबूस झालेले. पोटभर हसला, बापाला मिठी मारली, होळीभोवती दोन रात्री नाचला. पण नाचताना ढोल आपल्या उजव्या अंगाला राहील असा फिरायचा, आणि कोणी डावीकडून हाक मारली तर चालत राहायचा. पाड्यावरच्या बायकांनी ते बघितलं.

सोम्याला राहवलं नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने विषय काढला.

"परत जायचं नाय त्या खाडीत. सांगून ठेवतो."

"काहाला?"

"कान फुटलाय तुझा."

"कोण म्हणालं? चांगलं ऐकतो मी. हे ऐकलं ना तुमचं? आज चार वर्षं बुडी मारतो, मेलो का? दरसाल जास्त खोल जातो मी. मुकादम म्हणतो तुझ्यासारखा दुसरा नाय." ताट सरकवून तो उठला. "तुम्ही बसा शेळ्या हाकत."

सोम्याने फागीकडे बघितलं, तू तरी बोल म्हणून. फागीने सरकवलेलं ताट उचललं, झाकून ठेवलं. संध्याकाळी तेच गरम करून त्याच्यापुढे ठेवलं. तो जेवला. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी मोहाची फुलं भाजून दिली, तिसऱ्या दिवशी नागलीची आंबील. जायचं नाव त्याने काढलं तरी ती नको म्हणाली नाही. मुकादमाची जीप सोमवारी सकाळी येणार होती.

ऐतवारी दुपारी तिने फोन त्याच्या हातात दिला. "घे तुझा गोऱ्हा. जसा दिला तसा हाय."

संदीपने फोन उघडला आणि मांडी घालून बसला. थेट नदीवर गेला. गोऱ्हा पुढे काढला. सुसर वर आली. पहिली धडक, बाण खाली. दुसरी, खाली. सुसरीने एकदाच शेपटी मारली. गोऱ्हा मान घालून मागे आला.

"दुबळा झालाय. चारा घातला नाय तू याला."

"घातला. तो दुबळा नाय. गवतात सोड, बघ कसा पळतो. त्याला पाण्यात काहाला उतरवतोस?"

त्याने मान वर केली. ती सूप पाखडत होती, त्याच्याकडे बघतही नव्हती. त्याने थैली उघडली, आणि त्याचा अंगठा थांबला.

"आये. हा वाघ कधी धरलास?"

"धरला नाय. आला."

"असा कसा येईल? मी वीस वेळा मारला याला, दर टायमाला पळून गेला."

"वाघाला मारतात का?"

त्याने वाघ पुढे काढला. सुसर वर आली. वाघाच्या पाठीवरचं गवत उभं राहिलं, वेलीसारखं लांबलं, पाण्यात उतरलं. बाण वर. परत वर. तिसऱ्याला निळी सुसर हळूहळू फिकी होत नदीत मिसळून गेली. दोन वर्षांची झुंज, तीन धडकांत. वाघ तर गोऱ्ह्याच्या निम्म्याएवढाही नव्हता.

नदीपलीकडे एक नवी वाट उघडली होती, संदीप तिच्याकडे बघत बसला. मग फोन बंद करून आईच्या ओच्यात परत ठेवला. "उद्या जायचंय, लवकर उठव," एवढंच म्हणाला.

*

सोमवारी पहाटे तो तिच्याबरोबर मोहाखाली आला. पिशवी भरून आणली होती, ती मुळाशी ठेवली. थोडी फुलं वेचली, मग पिशवीला टेकून पाय पसरले. तिच्या उजव्या बाजूला, म्हणजे त्याचा डावा कान तिच्याकडे. उजवा पिशवीत रुतलेला. डोळे मिटले नव्हते, वर फांद्यांकडे लागले होते. फुलं पडत होती, एक त्याच्या छातीवर पडलं, ते त्याने उचललं नाही.

उजाडलं. खाली वळणावर जीप येऊन थांबली आणि हॉर्न वाजला. लांबवर ऐकू जाईल असा, मुकादमाचा नेहमीचा, तीनदा.

फागीच्या हातातलं फूल तसंच राहिलं. ती न बोलती तर कोणाला कळणार होतं? पण वाघाला ठेवायचं फळ खोटं असून चालत नाही.

"संदीप, जीप आली," ती म्हणाली.

तो फांद्यांकडे बघत होता.

"जीप आली रं."

त्याने जांभई दिली.

"पोऱ्या, हॉर्न वाजतोय."

परत तीनदा हॉर्न वाजला. झाडावरचे होले उडाले. खाली कोणीतरी "संद्याऽऽ" म्हणून हाक मारली, मग दार आपटलं. जीप वळली. संदीप बऱ्याच वेळाने कोपरावर उठला, तेव्हा त्याला रस्त्यावर लांबत गेलेला धुरळा दिसला. आधी कळलं नाही. मग कळलं.

"जीप?"

"गेली."

"हॉर्न नाय वाजवला?"

"वाजवला. सहादा."

"मंग तू सांगितलं नाय?" तो तडकून उठला. "मुद्दाम! मला वाटलंच होतं, तू मुद्दाम..."

"तीनदा सांगितलं," फागी म्हणाली. "इथंच बसून. तुझ्या कानाशी."

तो उभाच राहिला. हात हळूच डाव्या कानाकडे गेला, कानाजवळ बोटं चोळून बघितली. मग उजव्या कानाजवळ. परत डाव्या. फागीने मान खाली घातली आणि फुलं वेचत राहिली, कारण त्या वेळी त्याच्याकडे बघणं म्हणजे धडक मारण्यासारखंच होतं.

"दुसरी जीप दुपारी हाय," तो शेवटी म्हणाला. आवाज मोठा नव्हता.

"हाय."

"तिनं गेलो तरी चालंल."

"चालंल." तिने फडक्यातली भाकरी काढली, वर चटणी घातली आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. "आधी खा."

त्याने खाल्लं. खाताना एकदा विचारलं, "लियाकतभाईंच्या ओळखीचा कानाचा डाक्टर हाय का जव्हारला?"

"विचारू बाजारी."

दुपारची जीप आली तेव्हा संदीप खाचराच्या वरच्या अंगाला ऐनाच्या झाडावर होता. राबासाठी फांद्या छाटत होता. खाली सोम्या फांद्या गोळा करत होता आणि मधून मधून वर बघून ओरडत होता, "उजवीकडची, उजवीकडची घे!" वरून उत्तर यायचं, "ओरडू नका, ऐकू येतं." जीप वळणावर थांबली, हॉर्न वाजला. सोम्याचे हात थांबले.

झाडावरून एक फांदी सुटली, पानांसकट, घरंगळत खाली आली. मग दुसरी.

फागी उंबऱ्यावर बसली होती. ओच्यात फोन होता, पण तिने तो उघडला नाही. खाचरात फांद्यांचा ढीग वाढत होता. त्यावर पाला पडेल, शेण पडेल, वर माती, आणि वैशाखात एका शांत संध्याकाळी, वाऱ्याच्या उलट्या बाजूने, आग. संदीपलाच लावायला सांगायची, असं तिने ठरवलं. मातीखालून हळू जळणारी आग त्याच्या हाताला बरी जमते.